आपांच्या थंड गुंडाळ्या

बाभुळगावच्या आमच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत ज्याचा डबा गरम झालेला नाही, त्याच्याकडे सगळे जरा दयेनं बघतात. शाळेच्या मागच्या अंगाला खिचडीची खोली आहे. मुलांची खिचडी उतरली की त्याच शेगडीवर कमलबाई शिक्षकांचे डबे गरम करतात. भाजी पातेल्यात, पोळी तव्यावर, आणि राऊत सरांचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांचं, वरण वेगळ्या वाटीत. हा रिवाज कोणी पाडला ते कोणालाच ठाऊक नाही. तो मोडायची हिंमत मात्र एकाच बाईनं केली. विज्ञान शिकवणाऱ्या नसीम पठाण मॅडमनी.

शाळा त्यांना पठाण मॅडम म्हणे. मी आपा म्हणत असे, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. आम्ही दोघी यवतमाळहून सकाळच्या एसटीनं येत असू, आणि एका बाकावर इतकी वर्षं शेजारी बसल्यावर ‘मॅडम’ तोंडातून निघत नाही. आपा बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की प्रयोगशाळेत बोलल्या तर मैदानावरचं पोरगं हातातला चेंडू टाकून द्यायचं. सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरलेला चष्मा. चष्मा वर सारला की समजायचं, आता कोणाची तरी खैर नाही.

आणि एक सवय. समोर कोणी उभं असेल तर आपांना बोलताच यायचं नाही. पालक आला, शिपाई आला, कोणी साहेब आला, तरी पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आधी बसा, मग बोला.’ वर्गातसुद्धा चुकलेल्या मुलाला त्यांनी कधी उभं ठेवलं नाही. ‘उभं राहून अक्कल पायात जाते,’ म्हणत. मुलांनी त्यांचं नावच ‘बसा मॅडम’ ठेवलं होतं. आपांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या डब्याची गोष्ट सुरू झाली ती भाचीमुळे. भाचीनं नागपूरहून एक पाकीट आणलं. आत पातळ, गोल, पांढऱ्या पोळ्या, आणि वर नाव टॉर्टिया. त्यात काहीबाही भरून गुंडाळायचं, थंड करायचं, कापायचं आणि तसंच खायचं, असं तिनं सांगितलं. आपांनी त्यातली एक पोळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘ही तं आपलीच पोळी हाये. पासपोर्ट काढून आली म्हणून काय झालं?’

मग त्यांनी ती कृती घरच्या पोळीवर बसवली. कणकेत थोडा मैदा, थोडं दूध, पोळी कागदासारखी पातळ, तव्यावर जेमतेम शेकलेली, आणि लगेच फडक्यात झाकलेली, म्हणजे मऊ राहते. त्यावर चक्का, त्यात लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, नाहीतर पुण्यामुंबईकडचे वाचक चक्क्यात इडलीचं सांबार ओततील. वर किसलेलं गाजर, पिळून कोरडी केलेली काकडी, आणि शेवटी जवसाच्या चटणीची चिमूट. हे सगळं घट्ट गुंडाळून ओल्या फडक्यात बांधायचं आणि थंड जागी ठेवायचं. कापताना सुरी नाही, शिवायचा दोरा. दोरा खालून घालायचा, वर त्याची टोकं एकमेकांवरून ओढायची, की दोन बोटं जाडीचा तुकडा खाली पडतो, आणि आत पांढरं, हिरवं, केशरी असं चकलीसारखं वेटोळं दिसतं. सुरीनं दाबलं की वेटोळं चपटं होतं, म्हणून दोरा. आपा त्याला गुंडाळी म्हणायच्या. दुसरं नाव त्यांनी चालू दिलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी डबा नेहमीसारखा खिचडीच्या खोलीत ठेवला, आणि कमलबाईंनी तो नेहमीसारखा गरम केला. बिचारीनं एकेक तुकडा तव्यावर नीट उलटा-सुलटा केला होता. चक्का फुटून पाणी झालं, गाजर बाहेर आलं, काकडी करपली. डबा उघडला तेव्हा टेबलावर हास्याचा असा फवारा उडाला की कमलबाई दारातच थिजल्या. आपांनी चष्मा वर सारला. आम्हाला वाटलं, आता कमलबाईंची खैर नाही. पण त्या आमच्याकडे वळल्या.

‘हसून कायले राह्यले? गरम न करता खाता येते असं जेवण त्या बाईनं या शाळेत कधी पाह्यलंच नाही. तिचा काय गुन्हा?’ आणि तो सगळा लगदा त्यांनी चमच्यानं खाल्ला, तळापर्यंत. मग कमलबाईंना म्हणाल्या, ‘उद्यापासून माया डब्याले हात लावू नका. तेवढाच एक डबा तुम्हाले कमी.’

कमलबाईंना ते लागलं. माझ्याशी दोन दिवस तेच बोलत होत्या. ‘मॅडमले माया हातचं चालत नाही काय?’ पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की डबा एक कमी झाला की चहा एक घोट निवांत पिता येतो. मग त्या गप्प बसल्या.

राऊत सर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. माणूस वाईट नाही, पण शाळेत काही नवीन झालं की त्यांना पोटात दुखतं. ‘मॅडम, शिळं खाऊन राह्यल्या?’ ते रोज विचारायचे.

‘सर, सकाळी केलं, दुपारी खाल्लं. शिळं कसं झालं? तुमची पोळीही सकाळचीच हाये. फक्त कमलबाईनं तिले दुसऱ्यांदा भाजली.’

यावर सर वरणात बोट बुडवून ते गरम आहे का बघायचे. उत्तर नसलं की त्यांचं हेच चालायचं.

गुंडाळीची दोन्ही टोकं वाकडी येतात, तिथे सारण कमी असतं. आमच्या घराघरात असली टोकं करणारी बाई खाते, हे सांगायला नको. आपा टोकं कधी खात नसत. म्हणजे मुद्दाम खात नसत असंही नाही. त्या टोकं बाकीच्या तुकड्यांत मिसळून डबा फिरवायच्या, आणि ज्याच्या हाती टोक येईल त्यानं ते खायचं. एकदा राऊत सरांच्या हाती आलं. त्यांनी ते परत ठेवायला हात पुढे केला. आपा म्हणाल्या, ‘राहू द्या सर. टोकं सगळ्यांच्याच वाट्याले आली पाह्यजेत.’ सरांनी खाल्लं. चांगलं लागलं असणार, कारण नंतर त्यांनी आणखी दोन तुकडे उचलले, पण ‘थंड आहे’ हे म्हणायला विसरले नाहीत.

थंड गुंडाळी म्हणजे आपांची नुसती आवड नव्हती, हे मला तपासणीच्या दिवशी कळलं. तालुक्याहून साहेब येणार होते. असल्या दिवशी रीत अशी की साहेबांसमोर पुरुष शिक्षक बसतात आणि आम्ही बायका मागच्या खोलीत पोहे-चहाच्या मागे लागतो. आमच्या विषयांचे प्रश्नही बहुधा पुरुष शिक्षकच झेलतात. मी कांदा चिरायला घेतला होता. आपा आल्या, हातातला मोठा डबा कमलबाईंना दिला, म्हणाल्या, ‘यातलं ताटात मांडा अन् तुम्हीही घ्या. शेगडी पेटवू नका.’ मग मला दंडाला धरून त्या सरळ साहेबांसमोर घेऊन गेल्या आणि खुर्चीवर बसवलं.

साहेबांनी ताटाकडे पाहून विचारलं, ‘हे काय नवीन?’

‘साहेब, मिटिंगमध्ये आम्ही पण आहोत ना. म्हणून हे.’

साहेब हसले आणि त्यांनी आपांना विज्ञानाच्या साहित्याबद्दल विचारलं. राऊत सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आपा दहा मिनिटं बोलल्या. शाळेला सूक्ष्मदर्शक हवा आहे, हे त्या वर्षी पहिल्यांदा वरपर्यंत गेलं, कारण ते सांगणारी बाई पोहे परतत नव्हती.

परतीच्या एसटीत मी त्यांना म्हटलं, ‘आपा, तुमचं हे असं वागणं फार लागतं हो लोकांना.’ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कापूस वेचून झालेली, नुसत्या काड्या उरलेली शेतं मागे जात होती. तशाच म्हणाल्या, ‘तुले देशमुख बाईच्या निरोपाचा कार्यक्रम आठवते?’

देशमुख बाई आमच्या शाळेतल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. मी शाळेत आले ते त्यांचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष होतं. स्वतः नोकरीला लागल्या तेव्हाची गोष्ट आपांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन दाराशी उभ्या होत्या. टेबलाशी जागा होती, पण पठाण हे आडनाव ऐकून कोणी खुर्ची सरकवत नव्हतं. सगळे आपापल्या डब्यात बघत होते. तेव्हा देशमुख बाईंनी आपली खुर्ची सरकवली, शेजारची पुढे ओढली आणि म्हणाल्या, ‘आधी बस, मग बोलू.’ आणि आपांच्या डब्यातला घास उचलून आधी स्वतःच्या तोंडात टाकला. त्यानंतर त्या शाळेत खुर्चीचा प्रश्न पुन्हा आला नाही.

‘त्या बाईचा निरोप होता, अन् मी कुठं होती?’ आपा म्हणाल्या. ‘मांगं. कमलबाईसोबत पुऱ्या तळून राह्यली होती. शंभर माणसाच्या गरम पुऱ्या. बाईनं भाषणात मायं नाव घेतलं म्हणे, मी तिथं नाही. कढईपाशी मले काय ऐकू येते? झाल्यावर सगळ्यांले विचारलं, बाई काय म्हणाल्या. कोणी म्हणे चांगलं म्हणाल्या, कोणी म्हणे लंबं बोलल्या. कोणालेच आठवत नोहतं. पुऱ्या टम्म फुगल्या होत्या, एवढं मात्र सगळ्यांले आठवत होतं.’

देशमुख बाई पुढच्याच पावसाळ्यात गेल्या. त्यांना स्वतःला विचारायचं आपा उद्या-उद्या करत राहिल्या, आणि ते राहूनच गेलं. हे सांगताना आपांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त चष्मा त्यांनी काढून पदरानं पुसला आणि बराच वेळ डोळ्यांना लावला नाही. माझे डोळे भरून आले होते.

यंदा जानेवारीत आपांचा स्वतःचा निवृत्तीचा निरोप आला. स्टाफच्या बैठकीत राऊत सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलेबी. बायका किती जणी लागतील?’

आपांनी चष्मा वर सारला. ‘एकही नाही. माया निरोपाले शेगडी पेटणार नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे थंड गुंडाळ्या. सकाळी सगळे मिळून करू, दुपारी सगळे बसून खाऊ. कोणी वाढणार नाही, कोणी तळणार नाही. मांगच्या खोलीले कुलूप.’

खोलीत कुजबूज झाली, आणि ती नुसती पुरुषांची नव्हती. आमच्यातल्याच एकीनं म्हटलं, ‘बाहेरचे पाहुणे येतील, गरम काही नसलं तर बरं दिसते काय?’ राऊत सरांचा चेहरा लाल झाला होता. ‘मॅडम, शुभकार्यात चूल पेटत नाही असं कुठं असते? चूल पेटत नाही ते मयतीच्या घरी.’

‘मग मायी नोकरी मेली असं समजा सर. एक दिवस सुतक पाळा.’

‘जिद्द सोडा. तुम्हा बायकांना त्रास नको तर हॉटेलवाल्याला सांगू. तो गरम आणून वाढेल.’

‘त्याच्या हॉटेलात पुऱ्या कोण लाटते? त्याची बायको. मग ती उभी राहील. माया निरोपात कोणीच उभं राहणार नाही.’

‘अन् मी नाही म्हटलं तर?’

‘तं मी स्टेजवर चढणार नाही. माया हार तुम्हीच घाला गळ्यात.’

सर उठले, दार उघडलं आणि हाक मारली, ‘कमलबाई!’ कारण सरांना पक्कं ठाऊक होतं की बाकी कोणी काही म्हणो, कमलबाई कढईपाशी उभ्या राहिल्या की पुऱ्या होतात. इतक्या वर्षांच्या सगळ्या निरोपांच्या पुऱ्या त्यांच्याच हातच्या. आपांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. त्यांना भीती वाटलेली मी तेवढी एकदाच पाहिली. सगळं त्या एका बाईच्या उत्तरावर येऊन ठेपलं होतं, आणि ती बाई पुऱ्यांवर जीव टाकणारी. आदल्या आठवड्यात आपांनी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या माझ्यासमोरच रडल्या होत्या. ‘पुऱ्या नाही तं मी कायले येऊ? मले कोण ओळखते तिथं?’ आपा म्हणाल्या होत्या, ‘म्हणूनच या.’ कमलबाई डोळे पुसत निघून गेल्या होत्या.

आता त्या पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

‘कमलबाई, शनिवारी पुऱ्या करायच्या आहेत,’ राऊत सर म्हणाले.

कमलबाईंनी सरांकडे पाहिलं, मग खाली. ‘त्या दिवशी जमणार नाही सर.’

‘का? कुठं जायचं आहे?’

‘इथंच. मॅडमनं बोलावलं हाये मले. पाहुणी म्हणून.’

आपांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली. ‘या, आधी बसा,’ म्हणाल्या. कमलबाई बसल्या नाहीत, पण हसल्या. राऊत सरांनी पाण्याचा पेला उचलला, आत पाहिलं आणि तो परत ठेवला. वरण असतं तर बोट बुडवलं असतं.

शनिवारी सकाळी शाळेत जे चाललं होतं तसं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. प्रत्येकानं घरून पातळ पोळ्या आणायच्या, असं ठरलं होतं. राऊत सरांनी आणल्या तेव्हा आपांनी विचारलं, ‘वहिनींनी केल्या न? मग वहिनींले पण घेऊन या.’ आणि सरांना मोटरसायकल परत घरी न्यावी लागली. टेबलं जोडली होती. व्यायामाचे ढोले सर काकडी अशी पिळत होते की जशी काही ती गुन्हेगार असावी. गणिताच्या सरांना गाजर किसायला दिलं, त्यांनी बोटही किसून घेतलं. आपा साडी खोचून सगळ्यांच्या मागून फिरत होत्या. ‘घट्ट गुंडाळा. ढिली गुंडाळली तं कापताना पोट सुटते.’ कमलबाई चक्का लावत होत्या, खुर्चीवर बसून. चक्का लावता लावता स्वतःशीच म्हणाल्या, ‘शितला सप्तमीले तं आम्ही थंडंच खातो. त्या दिवशी कोणाच्या घरी मयत होते?’ राऊत सरांनी ऐकलं. वहिनींना घेऊन परतल्यापासून ते हात मागे बांधून उभे होते. आपांनी एक पोळी त्यांच्या हातात दिली. ‘धरा सर. आधी बसा, मग गुंडाळा.’ सर बसले. त्यांची गुंडाळी वाकडी झाली, पण केली त्यांनी.

ओल्या फडक्यांत बांधलेल्या गुंडाळ्या प्रयोगशाळेत सावलीला ठेवल्या आणि दुपारी दोऱ्यानं कापल्या. ताटं आधीच मांडून खुर्च्यांवर ठेवली, म्हणजे कोणाला वाढायला उठावं लागणार नाही. राऊत सरांच्या ताटात एक टोक आलं होतं. त्यांनी ते पाहिलं, आपांकडे पाहिलं आणि तोंडात टाकलं.

गुंडाळ्या कशा झाल्या होत्या हे मात्र मला नीट सांगता येणार नाही. मीठ थोडं कमी होतं बहुतेक. बोललेलं सगळं आठवतं, कारण आम्ही सगळ्याजणी तिथे होतो. मागच्या खोलीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली आपांच्या कमरेला.

आपा बोलायला उभ्या राहिल्या. देशमुख बाईंबद्दल बोलल्या, त्या खुर्चीबद्दल बोलल्या, आणि ज्यांनी तेव्हा आपली खुर्ची सरकवली नव्हती त्यांच्याबद्दलही, नावं न घेता, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मग म्हणाल्या, ‘आता मी कमलबाईंबद्दल बोलणार आहे.’

पहिल्या रांगेत कमलबाई होत्या, नवीन हिरवं लुगडं नेसून, राऊत वहिनींच्या शेजारी. नाव ऐकल्याबरोबर त्या ताडकन उठल्या. ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि मागच्या दाराकडे निघाल्या. काही तरी आणायला बोलावलं, असंच त्यांना वाटलं होतं. त्या शाळेत त्यांचं नाव दुसऱ्या कशासाठी कोणी घेतलंच नव्हतं.

‘कमलबाई,’ आपा स्टेजवरून म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच जरा फाटला. ‘कुठं जाता? काही आणाचं नाही. बसा.’

कमलबाई अर्ध्या वाटेत थांबल्या. सगळ्या हॉलकडे एकदा बघितलं. मग वळल्या, आपल्या खुर्चीपाशी आल्या, ताट उचलून मांडीवर घेतलं आणि बसल्या. त्या नीट बसेपर्यंत आपा थांबल्या. मग त्यांनी चष्मा वर सारला आणि बोलायला सुरुवात केली.